दोन तृतीयांश भाकरी

लाडूची बायको सुनयना जाऊन वर्ष झालं, तसा थोरला भाऊ गोपाळ ओसरीवर येऊन बसला.

"आता तिचं पान बंद कर," तो म्हणाला. "वर्षानंतरबी वाढत राह्यलं की गेलेलं माणूस उंबरा सोडत न्हाई. मग घरातल्या लेकराला बोलावतं. परवा पाणवठ्यावर तुझी रक्षा कुणाशी बोलत होती रे?"

"एकटीच होती की."

"त्येच म्हणतोय मी."

वर्षभर लाडू तव्यावरची पहिली भाकरी सुरीने तीन सारख्या भागांत कापत होता. दोन भाग बापलेकीचे, तिसरा सुनयनाचा, उंबऱ्यापाशी केळीच्या पानावर. दिग्गी गावात या पानावर हाताने मोडलेला तुकडा ठेवत नाहीत, कापलेला अख्खा भागच ठेवतात. थोड्या वेळाने पान रिकामं असायचं. शेजारचं कुत्रं खात असेल, असं लाडू म्हणायचा. ते कुत्रं बिबट्याने कधीच नेलं होतं.

रविवारी दुपारी रक्षा चुलीपाशी गणितं करत बसली होती.

"बाबा, दोन तृतीयांशाचा छेद सहा केला तर वर चार येतात. नऊ केला तर सहा. पण चार केला तर वर पूर्ण आकडाच येत न्हाई. का?"

"मला काय ठावं? मी शाळेच्या वळचणीलाबी उभा राह्यलो न्हाई."

त्या दिवशी त्याने भाकरीचे चार भाग केले. दोन चतकोर तिला, दोन स्वतःला. पान मांडलंच नाही.

"आणि आईचं?"

"आई गेली, बाय."

तो सार आणायला चुलीकडे वळला. परत आला तर दोन्ही ताटांत एकेक चतकोर अख्खा होता आणि दुसऱ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. कडा सुरीची नव्हती. बोटांनी मोडलेली होती.

"तू खाल्लंस?"

"न्हाई." रक्षाचे हात मांडीवर होते. ती ताटांकडे बघत म्हणाली, "तिचा एक चतकोर आणि वर एकाचा तिसरा हिस्सा. चारात तिचं पूर्ण येत न्हाई ना, म्हणून मोडावं लागलं तिला."

लाडूला गोपाळचं बोलणं आठवलं. पण बायकोला आपल्याच घरात दुसऱ्याच्या ताटातलं मोडून खावं लागलं, हे त्याला त्या भीतीहून जास्त बोचलं.

"उद्यापास्नं सहा करतो," तो म्हणाला. "प्रत्येकाला दोन."

रक्षाने उंबऱ्याकडे मान वळवली. कुणी सांगत असल्यासारखं ऐकलं.

"चारच राहू देत, म्हणते. उद्यापास्नं बाळबी जेवणार. त्याला दात आले."

सुनयना बाळंतपणात गेली होती. बाळही तिच्याबरोबरच गेलं. त्याचं पान कधी कुणी मांडलं नव्हतं.

लाडू मग कोयता घेऊन परसात गेला आणि केळीची दोन पानं कापून आणली.