दोन फवारे आणि एक गाऱ्हाणं

सगुणाने जत्रेत देवाकडे गावासाठी रानडुकरं मागितली आणि अख्ख्या गावाने त्याला एकमुखाने रुकार दिला. तर असं काही घडलेलं नाही. पेडण्याच्या बाजारात कुणी सांगू लागलं तर ऐकून घ्यावं आणि पुढे भाजी घ्यायला जावं.

घडलं ते एवढंच. सगुणाला दमा होता आणि देवळात गाऱ्हाणं घालायचा मानही त्याच्याच घराकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला खणखणीत आवाजात मागणं घालायचं. सांगणारा थांबला की लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देव या घराला पिढ्यान् पिढ्या ओळखत होता. फुफ्फुसं ओळख दाखवत नव्हती.

डॉक्टर सेजलने स्टेरॉइडचा पंप दिला. सकाळी दोन फवारे, रात्री दोन. महिन्याभरात छातीतली शिट्टी थांबली. सगुण देवळाची चढण एका दमात चढला आणि वर पोचून त्याने तोंड उघडलं, तर आतून जुन्या दाराची बिजागरी करकरली.

"औषध घशाला लागतं कधी कधी," सेजल म्हणाली. "पंपाला स्पेसरची नळी लावून घेता ना? नंतर चूळ भरता?"

"कपभर पाण्यान भरतंय. थुकतंय पण."

"मग डोस थोडा कमी करून बघू. पण हळूहळू. मनाने बंद करायचा नाही."

"बाय, जत्रा आयतवारी आसा."

"दम्याला जत्रा कळत नाही, काका."

"आणि देवाक दमो कळना. मदीं मी."

घरी चुलतभाऊ गोकुळदास येऊन बसलाच होता. "दादा, तू आराम कर. गाराणां मी घालतंय." मागे एकदा सगुण आजारी असताना त्याने गाऱ्हाणं घातलं, तेव्हा गावाच्या सुखशांतीत स्वतःच्या बारचा परवाना घुसडला होता. लोकांनी त्यालाही व्हय म्हाराजा म्हटलं होतं.

सगुणाने पंप तांदळाच्या डब्यात पुरला.

"डॉक्टरीण हळूहळू म्हणाली ना?" बायको, शेवंती, ओरडली.

"जत्रा हळूहळू येता काय?"

रविवारपर्यंत आवाज खरंच उघडला. "बा देवा म्हाराजा!" असा घुमला की गोड खाजे तोलणाऱ्याने तराजू खाली ठेवला. मग छातीने दार लावून घेतलं.

"आमच्या शेतात रानडुकरां येवंक…"

पुढचं 'नाकात', म्हणजे 'येऊ नयेत'मधलं 'नयेत', आत अडकलं.

"व्हय म्हाराजा!"

सगुण दोन्ही हात हलवून नको नको करू लागला. लोकांना वाटलं, अंगात आलं. बायकांनी हात जोडले.

"पोरांच्यो नोकऱ्यो जावंक…"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज गोकुळदासाचा.

शेवंतीने कनवटीचा, धाप लागली की ओढायचा दुसरा निळा पंप काढून सगुणाच्या तोंडाला लावला. श्वास परतला तोवर गाव प्रसादाच्या रांगेत होतं.

देवस्थान समितीने गाऱ्हाण्याचा मान गोकुळदासाला दिला. सेजलने सगुणाला भरपूर ओरडून जुना डोस चालू केला. आता सगुण घरी बसून मजेत श्वास घेतो आणि करकरतो. करकरत त्याने सांगितलं, शेवंतीने लिहून घेतलं:

"पंप बनवणाऱ्या कंपनीस सविनय अर्ज. घसा व छाती ही दोन स्वतंत्र खाती असून एकाचा माल दुसऱ्याकडे उतरत आहे. तरी पुढील जत्रेपूर्वी औषध परस्पर छातीत जमा होईल अशी तजवीज करावी. ते न जमल्यास अर्जदारास एक जादा गळा, फक्त जत्रेपुरता व परत करण्याच्या बोलीवर, मंजूर व्हावा, ही विनंती."