बाराव्या ओळीपर्यंतचा वास

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर पोंभुर्णा तालुक्यात एकही जण विश्वास ठेवणार नाही. पण तुम्ही मिरचीची रोपं कालच या वावरात लागलात. तुम्हाला अजून तालुका ठाऊक नाही. तुम्ही ठेवाल.

मी वाळ्याचा एक जुना ठोंब आहे. वरून पाहाल तर नुसतं गवत. बकरीसुद्धा माझं पान तोंडात घेते आणि विचार बदलते. माझी सारी कमाई मातीखाली. या वावराचा मालक लटारू. त्याच्या आईने, ठमाबाईने, पावसात धुरा, म्हणजे वावराचा बांध, फुटू नये म्हणून मला नाल्याकाठून आणून इथे लावलं. तेव्हा मी मूठभर होतो. आज माझी मुळं इतकी खोल गेली आहेत की परवा एकाला कोणीतरी पाताळातून ओढून पाहिलं. ते असो.

मला पाय नाहीत. शत्रू आला तर पळता येत नाही. म्हणून मी मुळांत तेल करतो. सालीच्या आत ते साठतं आणि थोडं थोडं मातीत उतरतं. माणसं त्याला सुवास म्हणतात. ठमाबाई उन्हाळ्यात माझ्या मुळांची जुडी माठात टाकायची आणि आल्यागेल्याला ते पाणी कौतुकाने पाजायची. वाळवीला, म्हणजे इथल्या उधईला, मात्र तो वास सोसत नाही. ती आंधळी असते, एकमेकींच्या वासावर चालते. माझं तेल आडवं आलं की तिची वाट पुसली जाते आणि ती भुयार अर्धं टाकून मागे फिरते. एवढं तरी खरं आहे, कोणालाही विचारा.

त्र्याऐंशी साली वाळवीची फौजच आली. मी जरा जास्त तेल सोडलं. ती जी पळाली ती थेट लांबच्या वडशाला! तिथे नाटकाचा मंडप होता. तिने राजाच्या सिंहासनाचे पाय खाल्ले आणि राजा भर प्रवेशात जमिनीवर बसला. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या होत्या. जाता जाता तिने या वावरातली मिरची खाल्ली, तेही खरं. पळणाऱ्याला भूक लागतेच.

ठमाबाई गेली आणि मला कोणी विचारेनासं झालं. तुम्हाला लावायचं काम चाललं होतं, तेव्हा लटारू सब्बल, म्हणजे खणायची पहार, घेऊन आला.

"चांद्याच्या साऱ्या कचेऱ्यांत कूलर लागून राह्यले," तो बायकोला म्हणाला. "व्यापारी त्याच्या जाळीत भराले या खसाच्या मुळ्या मांगून राह्यला. काढतोच हे गवत."

"हात नका लावू त्याले!" बायनाबाई चिखलातून उठली. "त्या साली अख्खं वावर उधईनं खाल्लं. याच्याजवळच्या दोन ओळी तेवढ्या हिरव्या होत्या. मी डोळ्यानं पाह्यल्या."

"दोन ओळीसाठी एवढा धुरा अडवतेस काऊन?"

"बुढीनं लावला हाय तो. यंदाची मिरची पाहू. थे बी उधईनं नेली, तर मीच खनून देईन."

"मंग तिखट का तुया माहेरून आनशील?"

"आनीन. पन तुमाले देनार नाई."

लटारू हसला आणि सब्बल माझ्या बुडाशी टाकून गेला. ती अजून इथेच पडली आहे. म्हणजे माझं पुढचं आयुष्य आता तुमच्या मुळांवर आहे, मित्रांनो.

पण घाबरू नका. बायनाबाई फार कमी सांगते. दोन ओळी! अहो, माझा वास बाराही ओळींत जातो. बाराव्या ओळीपलीकडच्या नाल्यात खेकडे शिंकतात, ते कशाने? तेव्हा माझी एवढीच विनंती. या म्हाताऱ्या ठोंबाला जपा. ताठ उभे राहा, भरभरून लागा, बायनाबाईचा शब्द पडू देऊ नका. आणि अगदी निर्धास्त झोपा. आज, या घडीला, या सबंध वावरात एकही वाळवी...

"आबाजी," मधूनच एक बारीक आवाज आला. "मी सातव्या ओळीतली आहो. इथी तुमचा वासगिस काई नाई. माया मुळाले मघापासून कोनीतरी कुरतडून राह्यलं."