झुल्मीराच्या कादंबरीतले आभार

मंगळवारी सकाळी मी एका दंतवैद्याच्या न्हाणीघरात टाइल बसवत होतो. फोन तीनदा वाजला. हात सिमेंटचे होते, म्हणून तिसऱ्या वेळीच घेतला. दोर्वालीना होती, माझ्या बायकोची, झुल्मीराची, थोरली बहीण.

"नेरेउ, खाली बस."

"बसलोच आहे. उभ्याने कोण टाइल लावतं?"

"झुल्मीरा गेली रे. वर्गात शिकवताना. फळ्यापाशीच पडली."

हातात टाइल होती, ती मी जागेवर ठेवून दाबली. मग उठलो. हात न धुताच, तिला नेलं होतं त्या इस्पितळात गेलो.

दुसऱ्या दिवशी तिला पुरलं. कॉलेजने मोठं पुष्पचक्र पाठवलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'आमच्या ज्येष्ठ प्राध्यापिकेस'. याच कॉलेजने तिला एकवीस वर्षं हंगामी ठेवलं. दर दोन वर्षांनी करार संपायचा. मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि मुलाखत घ्यायला तिनेच शिकवलेली पोरं. ती घरी येऊन सांगायची, "आज मला विचारलं, कादंबरी म्हणजे काय." तिच्या तीन कादंबऱ्या तोवर छापून झाल्या होत्या. पहिली पीचची फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यातल्या बायकांवर होती. आमच्या राज्याच्या राजधानीतल्या, पोर्तो आलेग्रेच्या, एका समीक्षकाने लिहिलं की पुस्तक फार स्थानिक आहे. दोर्वालीना म्हणाली, "मग काय, चंद्रावरच्या बायकांबद्दल लिहायचं होतं?"

त्या पहिल्या पुस्तकानंतर, कॉलेजात लागण्याआधी, ती चार वर्षं रिओत होती, टीव्हीच्या मालिका लिहायला. मुख्य लेखक आबेलार्दो किन्तेला. तो आमच्या पेलोतास गावचाच, शाळेत तिच्या वर्गात होता. लोक जे भाग पाहून रडायचे ते झुल्मीराने लिहिलेले असत. मला ओळखू यायचे. पण आमच्याकडे नावांची यादी पहिल्या नावाच्या अक्षरावरून लावतात आणि तिचं नाव आमच्या मुळाक्षरांतल्या शेवटच्या अक्षराने, झेडने, सुरू होतं. तिच्या नावापर्यंत पाटी सरकायच्या आत साबणाची जाहिरात लागायची. मी चार वर्षं टीव्हीसमोर बसून दोनदा तिचं नाव पाहिलं. पुढे तिने एकटीने एका सिनेमाची पटकथा लिहिली. त्यावरही दोन नावं आली. पहिलं आबेलार्दोचं.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला तो रिओहून आला. चर्चमध्ये काळा चष्मा लावून पहिल्या बाकावर बसला, मी दुसऱ्या. नंतर घरी आला. दोर्वालीनाने शिमारांव केला, आमच्याकडचा कडू चहा. पोखरून वाळवलेल्या भोपळ्यात पाल्याची हिरवी पूड, वर गरम पाणी, एकच नळी. ती भोपळा भरून एकेकाच्या हातात देत होती. आबेलार्दोने आपला संपवला, परत केला आणि मान झुकवून म्हणाला, "आभारी आहे, ताई."

दोर्वालीनाने माझ्याकडे पाहिलं. तिने मला दिला, मग स्वतः घेतला, मग पुन्हा मला. आबेलार्दोचा हात पुढे आलेला तसाच राहिला.

"मला नाही का?"

"तुम्हीच म्हणालात, पुरे."

"कधी? मी तर आभार मानले!"

"तेच ते. आभार मानले म्हणजे आता नको. पेलोतासमध्येच जन्मलात ना, की तेही कुणाकडून लिहून घेतलंत?"

तो हसला. "तीस वर्षं रिओत राहिलो, ताई. विसरलो."

मग त्याने पिशवीतून छापील कागदांचा गठ्ठा काढला. झुल्मीराची नवी कादंबरी. वाचून मत सांग म्हणून तिने त्याला पाठवली होती. पहिल्या पानावर 'आबेलार्दो किन्तेला आणि झुल्मीरा' असं होतं.

"मुळाक्षरांप्रमाणे," तो म्हणाला.

"मग मधे माझं नाव घाला," दोर्वालीना म्हणाली. "माझं अक्षर दोघांच्या मधे येतं. पाणी मीच तापवत होते ती लिहायची तेव्हा."

"नेरेउभाऊ, वारस म्हणून तुमची एक सही लागेल. प्रकाशक तयार आहे. मी फक्त हात फिरवलाय. तिची माणसं फार तुसडी होती, एकमेकांशी धड बोलत नाहीत. थोडी माया घातली."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. वाचतो, पण हळू. तो घड्याळ बघत राहिला, मी मधली मधली पानं वाचत राहिलो. ही गोष्ट वीटभट्टीवरच्या ओन्दीनाची. भट्टीचा मुकादम लाउरो रोज दुपारी भोपळा भरून तिला देतो. अकरा वर्षं ती तो पिते, परत देते आणि तोंडातून शब्द काढत नाही. लोक तिला घुमी म्हणतात. शब्द का काढत नाही, ते आमच्या इथल्या कुणालाही कळेल. आबेलार्दोने पानापानावर तिला आभार मानायला लावले होते. एका दुपारी तर चार वेळा. चारही वेळा लाउरो पुन्हा भरून देतो. इथला माणूस हे वाचून पोट धरून हसेल, आणि हसेल झुल्मीराला.

"आणि शेवट?" मी विचारलं.

"तो तिने लिहिलाच नव्हता. मी लग्न लावून दिलं."

"शेवट मला माहीत आहे."

तो खुर्चीत पुढे सरकला. "तिने सांगितला? मग सांगा ना, भाऊ! मी आजच लिहून काढतो."

तिने अंगणातल्या बाकावर बसून सांगितला होता, मी बादली धूत असताना. शेवटच्या दुपारी ओन्दीना भोपळा परत देते आणि पहिल्यांदा आभार मानते. लाउरो पाण्याची किटली खाली ठेवतो. बस, एवढंच. सांगून झाल्यावर तिने विचारलं होतं, "पुरेसं आहे का रे?" मी म्हणालो होतो, हो.

"नाही सांगणार," मी आबेलार्दोला म्हणालो.

"अर्धं पुस्तक कोण छापणार? तुमच्या हट्टापायी तिचं शेवटचं पुस्तक मरेल. चालेल तुम्हाला?"

तो म्हणाला ते खरं असेलही. पण त्या आभारांखाली मी सही केली नाही. दोर्वालीनाने कागद त्याच्या पिशवीत कोंबले आणि दार उघडलं. जाताना तो म्हणाला, "अडाणी माणसाशी काय बोलणार."

तिच्या हाताने लिहिलेल्या वह्या माझ्याकडे आहेत. ती पेन्सिलने खोडायची, तेही वाचता येतं. गेल्या रविवारी मी शेवट लिहायला कोरी वही घेऊन बसलो. ओन्दीना भट्टीवर आली, एवढं लिहिलं. पुढचं वाक्य तिच्यासारखं होईना, माझ्यासारखंच झालं. फाडलं. दोर्वालीना म्हणते, तू नुसतं बोल, मी लिहिते. अजून बोललो नाही.

सत्तावीस प्रकरणं पूर्ण आहेत. अठ्ठाविसावं लिहायचं राहिलं आहे.