दाक्षायणीबाईंच्या लपलेल्या ओळी

मी गिऱ्हाईकाशी गोड बोलत नाही. मशीन मेलं असेल तर मेलं म्हणते, चूक तुमची असेल तर तुमची. नव्या पेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात त्यामुळे गर्दी कमी असते, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

वीरभद्रप्पा मूळचे दुधनीचे, निवृत्त कारकून. वडिलांच्या भजनी मंडळाची चौदा हस्तलिखित बाडं ते संगणकावर टाइप करत होते. कागदाचा भुगा होत चालला होता आणि त्यातली पदं पाठ असणारं कोणी उरलं नव्हतं. नऊ बाडं झाली आणि जुना संगणक घरघरायला लागला. मी शेळगीला त्यांच्या घरी नवा बसवला, त्यावर जुन्यासारखीच लिनक्स ही प्रणाली टाकली, जुन्यातलं सगळं निवडून नव्यात नेलं आणि जुना खोका दुकानात आणून ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मला ते कानडी पद्धतीनं अव्वा, म्हणजे आई, म्हणतात; मी त्यांना अप्पा. "अव्वा, हात गेला बघ माझा."

जाऊन बघते तर एक 'क' दाबला की पाच उमटत होते. उजवा हात थरथरत होता. "परवापर्यंत कवातरी दोन उमटायचे, पण जमत हुतं की," अप्पा म्हणाले. "आता ऱ्हायलं हे. पाच बाडं तशीच जाणार." आणि ते दहावं बाड फडक्यात बांधायला लागले.

ही थरथर मला नवी नव्हती. त्यांच्या बायको, दाक्षायणीबाई, त्यांना चहा देताना कप अर्धाच भरायच्या. मग जुन्या मशीनवर टाइप कसं होत होतं? लिनक्समध्ये माणसाच्या सवयी ज्या फायलींत असतात त्यांच्या नावाआधी टिंब असतं, आणि टिंबवाल्या फायली एरवी दिसत नाहीत. मी दिसलं तेवढंच निवडलं होतं. शिकाऊ पोरं करतात ती चूक!

"अप्पा, बाड बांधू नका. चूक माझी आहे," मी म्हणाले आणि तडक दुकान गाठलं.

जुन्या मशीनवर लपलेलं उघडलं. लॉगिन झालं की आपोआप चालणारी एक छोटी फाईल होती. तिच्यात एकच हुकूम होता, तेच बटण इतक्या मिलिसेकंदांत पुन्हा दाबलं गेलं तर मोजू नकोस. हुकमाच्या वर दाक्षायणीबाईंच्या नोंदी होत्या. त्या शाळेत संगणक शिकवायच्या.

"मार्च २०१६. आज अक्षर दोनदा उमटलं. शंभर केलं. यांना सांगितलं नाही."

"ऑगस्ट २०१८. दीडशे."

"संक्रांत २०२१. तीनशे. म्हणाले, कीबोर्ड लई चांगला निघाला."

"जून २०२४. साडेचारशे. दवाखान्यातून आल्या आल्या आधी हे केलं."

पुढे काही नव्हतं. त्याच श्रावणात त्या गेल्या होत्या.

हजारभर मशीनं उघडली असतील मी, पण आत असं कधी सापडलं नव्हतं. आठ वर्षं ही बाई नवऱ्याच्या हाताच्या एक पाऊल पुढे चालत होती, आणि त्याला पत्ता नव्हता. खरं सांगते, मी त्या फाईलला हात जोडले.

टिंबांसकट सगळं घेऊन शेळगीला परत गेले. नव्यात टाकलं, पुन्हा लॉगिन केलं. अप्पांनी 'क' दाबला. दोन उमटले.

बाई जाऊन वर्ष उलटलं होतं. हाताची थरथर तेवढी वाढली होती.

"अप्पा, जरा पाणी देता का?"

ते आत गेले तशी मी फाईल उघडली. आकडा बदलला, हुकूम पुन्हा चालवला, बाईंच्या शेवटच्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, "साडेपाचशे केलं. अप्पांना सांगितलं नाही. निवेदिता."

अप्पा अर्धा भरलेला पेला घेऊन आले. बसले, भीतभीत 'क' दाबला. एकच उमटला. मग त्यांनी पदाची अख्खी ओळ लिहिली आणि माझ्याकडे बघितलं.

"हात बरा हाय की गं माझा?"

"हाताला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. "मशीनच बिघडलं होतं."

अप्पांनी दहाव्या बाडाची गाठ सोडली.