चुन्याखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. एवढं मी खात्रीने सांगू शकतो. त्यापुढे ‘कसला दगड?’ असं कुणी विचारलं की माझा गोंधळ उडतो. कबरीचा दगड म्हणून मी घडलो, पुढे देव म्हणून पूजला गेलो, आणि गेल्या उन्हाळ्यापासून आपण नक्की कोण, हेच मला कळेनासं झालं आहे. तुम्ही शाळेत जाता, पुस्तकं वाचता. माझी हकिकत ऐका आणि काही सुचलं तर मलाही सांगा.

माझा जन्म इथला नाही. कोकणात समुद्रकाठच्या एका चर्चच्या दफनभूमीत पाथरवटाने एका मोठ्या शिळेचे दोन तुकडे केले. एक तुकडा तिथेच, एका तरुण गोऱ्या बाईच्या कबरीवर बसवला. दुसरा तुकडा म्हणजे मी. मला बैलगाडीत घालून घाट चढवला आणि नळदुर्गच्या पुढे, कानडी मुलूख सुरू होतो त्या बाजूला आणलं. तेव्हा इथे गोऱ्या पलटणीचा तळ होता. त्या बाईचा नवरा तळावर कॅप्टन होता. बायकोमागोमाग त्याची दोन वर्षांची मुलगी, एमिली, इथे तापाने गेली. तिच्या इवल्याशा कबरीवर मला उभं केलं. माझ्या अंगावर तिचं नाव कोरलं होतं आणि माथ्यावर वस्त्राने झाकलेला कलश. दुःखाची ती त्या लोकांची खूण. खारं वारं सोडून या कोरड्या माळावर राहणं मला फार जड गेलं.

पुढे पलटण निघून गेली. माझ्या शेजारी मोठ्या माणसांच्या लांबलचक कबरी होत्या. त्यांच्यावर बाभळी माजल्या, शेळ्या चढू लागल्या. एक चांगला गुळगुळीत दगड ओढ्यावर धुणं धुवायला गेला. आता माझी पाळी, म्हणून मी धास्तावलो होतो. पण घडलं भलतंच.

या भागात लिंगायतांची वस्ती बरीच. ते आपल्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. आणि तेही आडवं नाही, मांडी घालून बसवून. म्हणून त्यांच्या समाधीला जागा थोडी लागते. त्यांनी माझी आखूड कबर पाहिली आणि ठरवलं, इथे कुणाला तरी बसवलेलं आहे. मग माथ्यावरचा झाकलेला कलश पाहिला. ते स्वतः आपलं इष्टलिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात बाळगतात, त्यामुळे उरलीसुरली शंकाही मिटली. लांब कबरी साहेबांच्या, आखूड कबर त्यांच्याही आधीच्या कुणा जंगम स्वामींची! माझं नाव पडलं ‘लहान अय्या’, म्हणजे लहान स्वामी. दर श्रावणात मला चुना फासला जाऊ लागला आणि एमिलीचं नाव त्या थरांखाली गेलं.

खरं सांगू? मला ते आवडलं. ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याला बेलपत्र मिळू लागलं. पण ओशाळल्यासारखंही व्हायचं. कुणी परीक्षेसाठी नवस बोले, कुणी हरवलेल्या म्हशीसाठी. मला म्हशीतलं काय कळतं? तरी म्हैस सापडली की नारळ मलाच! सगळ्यांत नेमाची पार्वतम्मा. ही म्हातारी रोज सकाळी येते, विभूतीचे तीन पट्टे ओढते आणि कानडी-मराठी मिसळून घरच्या साऱ्या कुरबुरी सांगते. मी ऐकतो. दुसरं काय करणार?

गेल्या उन्हाळ्यात गावाने माझ्यासाठी सभामंडप बांधायचं ठरवलं. पुढाकार गुरुलिंगचा. त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे, माणूस भला आहे. मंडपाला जागा हवी, म्हणून शेजारच्या लांब कबरी सपाट करायच्या, वर फरशी घालायची आणि मला चकचकीत ग्रॅनाइटने मढवायचं, असा बेत ठरला. जेसीबी येऊन उभा राहिला. मला काही सुचेना. खरं कळलं, तर मला उपटून फेकतील. नाही कळलं, तर माझे शेजारी कायमचे पुसले जातील आणि एमिलीचं नाव ग्रॅनाइटखाली गडप होईल. देवाची करुणा भाकावी म्हटलं, तर गावाच्या लेखी देव मीच होतो!

ग्रॅनाइट चिकटायला आधी चुना काढणं भाग होतं. “अय्यांच्या अंगाला गवंड्याचा हात नगं,” असं म्हणून पार्वतम्मा स्वतःच नारळाचा काथ्या घेऊन बसली. तिची सून महेश्वरी पाणी ओतत होती. ती धाराशिवला शाळेत शिकवते. सुट्टीला आली होती. थर सुटत गेले आणि अक्षरं वर आली.

“अम्मा, थांबा,” महेश्वरी म्हणाली. “हे इंग्रजी आहे.”

“अय्यांना इंग्रजी येत हुतं?” पार्वतम्माने विचारलं.

महेश्वरीने अक्षरांवरून बोट फिरवत हळूहळू वाचलं आणि सगळ्यांना सांगितलं, “इथं एमिली नावाची मुलगी आहे. दोन वर्षांची. हिची आई समुद्राकाठी पुरलीय, चर्चच्या आवारात. हिला इथं ठेवलंय.”

गुरुलिंग पुढे होऊन अक्षरं बघू लागला. “म्हंजी स्वामी न्हाईतच? मग इतकी वर्सं आमी नमस्कार कुणाला केला?”

“काढून टाका मग,” मागून कुणीतरी म्हणालं. “गोऱ्यांचा दगड कशाला पुजायचा?”

मित्रांनो, मी फार घाबरलो. पार्वतम्मा ओले हात पदराला पुसत होती. तिच्या मनात काय आहे, मला कळेना.

“लेकरू हाय म्हणता?” ती म्हणाली. “माझी पैली लेक बी एवढीच हुती. शेताच्या बांधाला ठिवलीय तिला. तिच्यावर कदी नांगर जाऊ दिला न्हाय. आन हिच्या अंगावर फरशी घालू देऊ व्हय?”

“पर अम्मा, मंडप?”

“मंडप बसवण्णाच्या देवळाम्होरं बांध. लई जागा हाय तिथं.”

“बरं, एवढा दगड ऱ्हाऊ द्या,” गुरुलिंग म्हणाला. “ह्या लांब कबरी तरी काढतो.”

पार्वतम्माने बाभळींखालच्या लांब कबरींकडे बोट दाखवलं. “माय तिकडं समुद्रावर. इथं तिच्या मुलखाची हीच मानसं हैत. ह्यास्नी बी उठवलंस, तर लेकरू एकटं पडंल की रं.”

गुरुलिंगने जेसीबीवाल्याला हाताने इशारा केला. जेसीबी परत गेला. महेश्वरीने माझे फोटो काढले आणि इतिहासाच्या जाणकारांना घेऊन येते म्हणाली. बाभळी तोडून कुंपण घालायचं काम गुरुलिंगनेच अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतम्मा आली. तीन पट्टे ओढायला तिचा हात वर गेला आणि मध्येच थांबला. माझ्याइतकीच तीही गोंधळली होती. मग तिने पदराने माझा माथा पुसला आणि न्हाऊ घातलेल्या लेकराला लावतात तसं विभूतीचं एकच बोट लावलं.

तेव्हा मी कबर की देव, ते मला अजून समजलेलं नाही. पण मित्रांनो, तुमच्या गावच्या माळावर, समुद्रकाठी, एखाद्या जुन्या चर्चच्या मागे असे दगड असतील. ते कोणत्या धर्माचे, हे नंतर ठरवा. आधी त्यांच्यावरचं शेवाळ हलक्या हाताने काढा आणि नाव वाचा. कुणीतरी आपलं माणूस तुमच्या भरवशावर तिथे ठेवून गेलं आहे.