नकाशावरचा दुसरा ठिपका

अर्ज पाच वाजता बंद होणार होता. लेकीने नकाशा वडिलांच्या टेबलावर पसरला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

वडील निवृत्त प्राणिशास्त्रज्ञ. नखाएवढा एक बेडूक त्यांनी तीस वर्षांपूर्वी जगाला पहिल्यांदा दाखवला होता. आता लेक संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीसाठी त्याच बेडकाची नोंद नव्याने करत होती: राहतो कुठे, उरलाय किती, धोका केवढा. आई म्हणायची, बेडूक धरून मला तीन मुलं, त्यातलं शेंडेफळ ओलं.

नकाशावर दोन ठिपके होते. पहिला वरच्या कड्यावर. तिथल्या बारमाही पाझरणाऱ्या खडकावर बेडूक अजून सापडत होता. त्याच कड्याला सोमवारी खाणीचे सुरुंग लागणार होते. परवानगी एका वाक्यावर मिळाली होती: ‘ही जात खालच्या ओढ्यावरही आढळते.’ तो दुसरा ठिपका. ती नोंद वडिलांची होती आणि त्यांच्या सहीशिवाय यादीची समिती ती खोडणार नव्हती.

“चार वर्षं जातेय मी त्या ओढ्यावर. एकदाही दिसला नाही.”

“तुला दिसला नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. तू डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधणारी.”

“विषय बदलू नका, बाबा. तुमच्या नमुन्याच्या बाटलीच्या लेबलवर जागा ओढ्याची आणि उंची नऊशे चाळीस मीटर. ओढा सहाशेच्या वर कुठेच नाही.”

“उंची मोजायचं यंत्र बिघडलं होतं. लेखात लिहिलंय तसं.”

“त्याच दिवशी त्याच यंत्राने ओढ्याकाठच्या तुमच्या तंबूची उंची पाचशे ऐंशी दाखवली. ती मी पुन्हा मोजली. बरोबर आहे.”

वडिलांनी नकाशा स्वतःकडे ओढला. घड्याळात साडेचार झाले.

“लेबलं तंबूत बसून लिहिली,” ते शेवटी म्हणाले. “दिवसभर कड्यावर तंगडतोड करून आलो होतो. उंची डायरीतून उतरवली आणि जागा, बसलो होतो तिथली लिहिली.”

“कधी कळलं?”

“तू दुसऱ्या वर्षीही हात हलवत परत आलीस तेव्हा.”

“म्हणजे दोन वर्षं. बाबा, खाणीची परवानगी गेल्या महिन्यात निघाली.”

“माहीत आहे.” त्यांनी चष्मा काढला. “दोन उंचींवर राहणारा बेडूक. माझं नाव झालं ते त्यावरच.”

लेकीने लॅपटॉप उघडला. तिने पत्र टाइप करून त्यांच्यापुढे धरलं. ‘माझ्याकडून नोंदीत बहुधा चूक झाली असावी.’

“बहुधा काढ. आणि ‘असावी’ नको, ‘आहे’ लिही.”

“राहू द्या. तेवढं चालतं.”

“खाणवाल्यांचा वकील त्या एका शब्दाच्या फटीतून ट्रक बाहेर काढेल. काढ.”

तिने काढला. त्यांनी सही केली. चार त्रेपन्नला पत्र गेलं. लेकीने अर्जातला दुसरा ठिपका पुसला, तसा धोक्याचा रकाना आपोआप बदलला: अतिसंकटग्रस्त. याच शब्दासाठी ती चार वर्षं झटत होती, पण तो वाचून दोघांपैकी कुणालाच आनंद झाला नाही. तिने अर्ज पाठवला.

दोन मिनिटांत फोन वाजला. समितीचा सचिव, वडिलांचाच जुना विद्यार्थी. लेकीने उचलायच्या आत वडिलांनी हात पुढे केला.

“हो, मीच लिहिलंय,” ते म्हणाले. मग थोडा वेळ ऐकत राहिले. “नाही रे. तब्येत उत्तम आहे.”