गिरणीवालीच्या जावयाची धूळ

गिरणी बंद होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे तिला गिरणीवालीच म्हणत. तीस वर्षं तिनं स्वतःच्या हातानं पट्टा चढवला, दगडाला टाकी लावली, आणि पडणारं पीठ दोन बोटांत चोळून "जाड आहे, पुन्हा घाला" असं नवऱ्यालाही चार माणसांत सुनावलं. नवरा गेला, दगड गेले, पट्टा गेला. जिभेची धार तेवढी राहिली. शाळा तिची दुसरीपर्यंत. पण धुळीच्या बाबतीत तिला शिकवणारा अजून जन्मायचा होता.

आणि त्याच गिरणीच्या खोलीत आता जावयाचं मशीन बसलं होतं.

जावई म्हणजे घरजावई. हा शब्द ती तोंडानं कधी काढत नसे. त्याच्यासमोरून जाताना कमरेच्या किल्ल्या जरा जास्त वाजवी, तेवढ्यात तो काय ते समजून घेई. तोही काही कमी नव्हता. अकरा वर्षांत त्यानं तिला एकदाही कुठल्या नात्यानं हाक मारली नव्हती. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे बघून "पाणी गेलंय म्हणे" असं म्हणायचा. भिंतीनं ऐकलं तर ऐकलं.

दिवसभर विम्याच्या कचेरीत कागद पुढे सारायचे आणि सुट्टीच्या दिवशी लाकूड कोरायचं, हा त्याचा छंद. कोरायचं म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, बटण दाबायचं आणि हाताची घडी घालून उभं राहायचं. टेबलावर एक लोखंडी डोकं इकडून तिकडे धावे, त्याच्या चोचीतलं पातं गरगर फिरे आणि फळीवर आपोआप पानं-फुलं उमटत. सीएनसी राउटर म्हणायचा तो त्याला. गिरणीवालीनं त्याचं नाव सुतारपक्षी ठेवलं. "हाताला घट्टा न पडता सुतार झालेला माणूस पहिल्यांदाच बघतेय," असं ती भाजीवालीलाही ऐकवून आली होती.

मग लेक खोकायला लागली. आधी सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ, मग जिना चढताना. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात धूळ कसली उडते?" लेकीनं लाकडाची सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी या. तोवर धूळ बंद करा, नाहीतर मशीन बंद करा. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही."

त्या रात्री गिरणीवालीला शांत झोप लागली. लेकीची काळजी नव्हती असं नाही. जीव तुटत होता. पण आता सुतारपक्षी घराबाहेर जाणार, खोली रिकामी होणार आणि ते डॉक्टरांच्या तोंडून होणार, म्हणजे आपल्या माथी काही नाही, या विचारानं तिला गार वाटलं. धूळ बंद झाली तरी लेक बरी होणार होती, हे तिला ठाऊक होतं. फक्त त्या वाटेकडे तिनं पाठ केली होती.

जावयानं मात्र धूळ पकडायचं सगळं सामान आणलं. एक मोठा व्हॅक्यूम, झाकणावर नरसाळं बसवलेली एक उभी बादली, गळ्याच्या नळीसारखा वळ्यांचा लांबलचक पाइप, आणि मशीनच्या चोचीभोवती बसवायला ब्रशची झालर. रविवारी सकाळपासून तो शिडीवर चढला. गिरणीवालीनं दारात खुर्ची टाकली आणि उसवलेल्या उशीला टाके घालत बसली. टाके पाच, नजरा पन्नास.

पाइप त्यानं छताला लटकवत नेला. कोपऱ्यात वळण, दारावर वळण, खांबाला वळसा, मग खाली. व्हॅक्यूम ठेवला खोलीतच, मशीनच्या शेजारी.

"नागमोडी छान दिसतंय," ती म्हणाली. "घाटरस्ता काढायला घेतला होता का?"

"पायात पाइप यायला नको," तो भिंतीला म्हणाला.

भुशाला वळण आवडत नाही. वळणावर तो बसतो, बसला की साचतो, साचला की वाट बंद. हे गिरणीवालीला झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आलं असतं. पण विचारलंय कोणी? तिनं दातानं दोरा तोडला.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मशीननं जेमतेम अर्धं पान कोरलं आणि व्हॅक्यूमचा आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला. पाइप तुंबला होता. आणि बघता बघता बादली स्वतःच्याच पोटात गेली. पच्च करून तिची कूस आत चेपली.

"अगं बाई," गिरणीवाली म्हणाली, "बादलीनंसुद्धा श्वास रोखून धरला."

तो पाइप सोडवायला गेला तर चट्‍ आवाज झाला आणि त्यानं हात झटकला. सुका भुसा प्लॅस्टिकमधून पळाला की वीज साठते. गिरणीत पट्ट्याचंही असंच व्हायचं. त्यासाठी तिच्या सासऱ्यांनी तांब्याची तार बांधून जमिनीत सोडली होती. हेही ती बोलली नाही. बोलली ते दुसरंच.

"घरचं कोण, बाहेरचं कोण, हे निर्जीव पाइपलाही कळतं हो."

जावयाचे कान लाल झाले. "नाचायला अंगण वाकडं दिलं की असंच होतं," तो म्हणाला. खोली कोणी दिली होती ते दोघांनाही माहीत होतं.

दुपारपर्यंत त्यानं पाइप झटकला, बादलीला आतून लाकडी आडवी पट्टी मारली, सांधे चिकटपट्टीनं गुंडाळले आणि पुन्हा चालू केलं. या वेळी चाललं. मशीननं अख्खं पान कोरलं आणि फळीवर, टेबलावर, फरशीवर भुशाचा कण नाही. बादलीत मात्र पिवळाजर्द ढीग. लेक धावत आली, बोटानं टेबल पुसून बघितलं आणि लहान मुलीसारखी हसली.

"आई, बघ! काहीच नाही!"

"जे दिसतं ते खोकायला लावत नाही," गिरणीवाली पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. तू आपली बाहेर ये. इथे बसू नकोस."

"तुला यांचं चांगलं बघवतच नाही का गं?" लेक म्हणाली, आणि मुद्दाम स्टूल ओढून मशीनशेजारी बसली. "बसणार मी. सहा महिन्यांत पहिल्यांदा बसतेय."

आता इथे खरं बोलायचं होतं. जाड भुसा बादलीत पडतो. जो पिठीहून बारीक असतो तो बादलीला भीक घालत नाही, तो व्हॅक्यूमच्या पिशवीतून गळून मागच्या तोंडानं परत खोलीत येतो, आणि खोलीत जो असेल त्याच्या छातीत घर करतो. दोन वाक्यांचं काम. पण ती दोन वाक्यं म्हणजे जावयाला फुकटची शिकवणी, आणि सुतारपक्षी कायमचा मुक्कामाला. गिरणीवाली उठली, स्वयंपाकघरातून एक ताट आणलं, त्याला पालथ्या हातानं तेल चोळलं आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून वरच्या फळीवर ठेवून आली. तेलाला खोटं बोलता येत नाही. उडती धूळ चिकटली की हे ताट लेकीपुढे धरायचं, बस्स. एक तासाचा तर प्रश्न.

लेक तो अख्खा तास तिथे बसली.

चार वाजता तिला जो खोकला सुटला तो थांबेना. गरम पाणी झालं, वाफ झाली, पाठ चोळून झाली. ओठ पांढरे पडले. शेवटी उशांना टेकून बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, तेव्हा गिरणीवाली ताट आणायला निघाली. हातात पुरावा येणार होता.

दारातच ती थबकली. जावई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. ताट त्याच्या हातात होतं आणि तो शर्टाच्या बाहीनं ते पुसत होता. अर्ध्या ताटावर अजून मऊ, पिवळट साय धरल्यासारखी धूळ होती.

"पुसा, पुसा," ती म्हणाली. "ताट पुसाल. तिची छाती कशानं पुसणार?"

तो दचकला. ताट खाली पडून बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

"डोळ्यांत धूळ फेकणारे पाहिले होते," ती म्हणाली. "बायकोच्या छातीत फेकून वर बाही झटकणारा तुम्हीच."

आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो भिंतीशी नाही, तिच्याशी बोलला. तोंडासमोर, दोन हातांवरून.

"ताट कोणी ठेवलं?"

"मी."

"का ठेवलं? माहीत होतं म्हणूनच ना? सकाळपासून माहीत होतं. मग ती इथे तासभर बसली तेव्हा तुमच्या तोंडाला टाके घातले होते का? मला कळत नव्हतं हो. मी मूर्ख. आताही मला कळत नाहीये ही धूळ कुठून येतेय. पण तुम्हाला कळत होतं!"

आत लेकीच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

"पाना द्या इकडे," ती म्हणाली.

"काय?"

"पाना! आणि उभे काय राहिलात खांबासारखे? तो घाटरस्ता खाली उतरवा आधी. सरळ पाइप हवा, आखूड हवा. व्हॅक्यूम बाहेर. घरात ओकणारं जनावर घरात बांधतात का कोणी?"

"बाहेर म्हणजे..."

"त्या भिंतीपलीकडे. वरच्या झरोक्याची जाळी काढा, तिथून पाइप बाहेर न्या. पावसाला वर पत्रा ठोका. आणि पाइपच्या अंगावरून तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडा, म्हणजे चावायचा नाही."

जावई जाळी काढता काढता थांबला. "पलीकडे तुमची खिडकी आहे. उशाशीच."

"मग? खिडकी माझी आहे. माझी मी बंद करीन. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"बापावर जायचं काम नाही!"

"मग हातानं काम करा, तोंडानं नको."

तोंडानं दोघांनीही केलं. अंधार पडेपर्यंत त्या खोलीतून असे शब्द बाहेर पडत होते की शेजारणीनं आपली मुलं आत घेतली. तिनं तार ओढायला सांगितली तर त्यानं दोनदा विचारलं, त्यानं पत्रा तिरका ठोकला तर तिनं उपटायला लावला. एकदा पाइप धरताना दोघांचे हात एकमेकांवर पडले आणि दोघांनीही चटका बसल्यासारखे काढून घेतले. तार अजून जोडायची होती, म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लेकीला मागच्या खोलीत दार लावून बसवून, मशीन चालू केलं. मोकळा पाइप मिळाल्यावर व्हॅक्यूमनं अशी ओढ घेतली की मिनिटभरात खटकन सगळं बंद. खोलीची वायर दोघांचा भार पेलेना. पुन्हा चालू केलं, पुन्हा खटका पडला.

"व्हॅक्यूमला दुसरी लाइन पाहिजे," जावई म्हणाला. "वायरमनला बोलवायला हवं."

"डॉक्टरीणबाईंकडे जायचं कधी?"

"शुक्रवारी."

"आणि वायरमन येणार कधी कोण जाणे." तिनं व्हॅक्यूमची वायर उचलली, आपल्या खिडकीच्या गजांतून आत सारली आणि खाटेशेजारच्या सॉकेटमध्ये खोचली. तिथली लाइन वेगळी होती. बटण तिनं दाबलं. व्हॅक्यूम घोंघावला, मशीन चाललं आणि चालत राहिलं.

या खेपेला ताट जावयानं ठेवलं. तेल स्वतः चोळलं, तासाभरानं स्वतः उतरवलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं ते दिव्याखाली तिरकं केलं, बोट फिरवलं, बोट उजेडात बघितलं.

"डावीकडे जरा आहे," ती म्हणाली. "झालर नीट बसवा."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, कमी आहे, अजून महिनाभर औषध घ्या, खोलीत मात्र जाऊ नका. लेकीनं घरी येऊन दोघांना सांगितलं. दोघांनीही एकमेकांकडे न बघता मान हलवली.

रविवारी दुपारी गिरणीवाली खिडकी लावून आडवी झाली होती. काचेवर टकटक झाली.

"अहो, बटण," बाहेरून आवाज आला.

ती हलली नाही. "ऐकू येत नाही. खिडकी बंद आहे."

"बटण दाबता का?"

"कोणाला म्हणताय?"

बाहेर पत्र्यावर बोटं वाजली. मग जावई स्वतःशीच, पण काचेतून ऐकू येईल इतपत, पुटपुटला, "अडला हरी..."

गिरणीवाली ताडकन उठून बसली. खिडकीचं एक दार तिनं धाडकन उघडलं.

"पुढचं म्हणा की, जावईबापू. कोणाचे पाय धरतो तो हरी? मोठ्यानं म्हणा, म्हणजे बटण दाबते."

जावयानं पत्र्याकडे बघितलं, पाइपकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आईंचे," तो दात-ओठ खात म्हणाला.

तिनं खिडकी त्याच्या तोंडावर आपटली आणि बटण दाबलं.